दुसऱ्या माणसाचं औषध

पोरी, सुरक्षा क्लिनिकात, म्हणजे लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात, तुझी नेमणूक झाल्याचं कळलं तेव्हा तुझी आई मला म्हणाली, "तसल्या खात्यात टाकलंय हिला, उद्या लग्नाच्या वेळी काय सांगायचं?" तिची समजूत मी काढते. तू मात्र हे कागद जपून ठेव. ट्रेनिंगमध्ये तक्ते शिकवतात. करडं किट पू जाणाऱ्याला, हिरवं अंगावरून पांढरं जाणाऱ्या बाईला, पांढरं जखमेला, लाल पाणी भरलेल्या फोडांना, हे महिन्याभरात तू झोपेतही सांगशील. समोर बसलेल्याला बरं करणं हे आपल्या खात्यातलं सोपं काम आहे. अवघड असतो तो दुसरा माणूस, जो खोलीत नाही. त्याच्यापर्यंत औषध गेलं नाही तर समोरचा पंधरा दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतो आणि वर ऐकवतो, "सरकारी गोळ्यांत दम नाही हो." गोळ्या चांगल्याच असतात. घरी जोडीदाराचा संसर्ग तसाच राहिलेला असतो, आणि तोच फिरून याच्याकडे येतो.

तेव्हा जोडीदाराला कळवायचं कसं, एवढ्याचबद्दल लिहिते. बाकीचं तुला फाईल शिकवेल.

पहिली गोष्ट म्हणजे कुणाला काही कळवायची गरज आहे का, हेच आधी बघ. "अंगावरून पांढरं जातं" म्हणून येणाऱ्या बायकांची रांग तुझ्या ओपीडीत मोठी असणार. त्यातल्या पुष्कळजणींना बुरशी वाढलेली असते, नाहीतर योनीतल्या नेहमीच्याच जंतूंचं प्रमाण बिघडलेलं असतं. रक्तातली साखर वाढली, अँटिबायोटिकचा कोर्स झाला, दिवस राहिले, एवढ्यानेही बुरशी वाढते. हे कुणी बाहेरून आणलेलं दुखणं नव्हे. अशा बाईच्या हातात तू जोडीदाराला बोलावण्याची चिठ्ठी ठेवलीस आणि नवऱ्याने वरचा शिक्का वाचला, तर संध्याकाळी त्या घरात काय होईल ते मी सांगायला नको. नवऱ्याला खाज किंवा लाली असेल तर बोलाव, नसेल तर राहू दे. ट्रायकोमोनास निघाला तर मात्र दोघांना औषध लागतंच, तो संबंधातून पसरतो. लॅबवाल्याने काचपट्टी बघून सांगितलं तर उत्तमच. तो रजेवर असला तर डॉक्टरांना विचार, स्वतःच्या मनाने ठरवू नकोस.

आता तो प्रश्न, जो तुला रोज विचारला जाणार. "मॅडम, हे आलं कुणाकडून?"

याचं उत्तर द्यायचं नाही. उत्तर माहीत असूनही लपवायचं असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा ते कुणालाच माहीत नसतं. हे तुला स्वतःला आधी पटलं पाहिजे, नाहीतर तुझा चेहरा वेगळंच बोलेल. परमा, म्हणजे गोनोरिया, झालेल्या पुरुषाला बहुधा दोन ते पाच दिवसांत पू दिसतो, लघवीला आग होते, तो धावत येतो. तोच संसर्ग झालेल्या बाईला कितीतरी वेळा काहीच होत नाही, महिनोन्महिने. क्लॅमिडिया तर त्याहून गुपचूप राहणारा. गरमीची, म्हणजे सिफिलिसची, पहिली जखम दुखत नाही, बाईच्या अंगात आत असली तर दिसतही नाही, आपोआप भरते, आणि रक्तात मात्र आजार वर्षानुवर्षं राहू शकतो. नागिणीच्या जातीचा जो विषाणू खाली फोड आणतो, त्याचा पहिला फोड संसर्गानंतर कित्येक वर्षांनी उठू शकतो. म्हणजे लग्नाच्या आधीचाही असू शकतो. ज्याला आधी त्रास झाला त्याने आधी आणलं, हा हिशेब इथे चालतच नाही. पण घरात नेमका हाच हिशेब मांडला जातो. नवरा म्हणतो, मला झालं, हिला काही नाही, म्हणजे मी कुठेतरी चुकलो, तर हिला कळूच द्यायचं नाही. नाहीतर उलट. बाईचा रिपोर्ट आधी आला म्हणून बाई वाईट. गरोदरपणात रक्त तपासतात, त्यामुळे बाईचाच रिपोर्ट आधी येतो हे कुणी लक्षात घेत नाही.

एक जोडपं डोळ्यांसमोर आण. ती पाचव्या महिन्यात, कागदावर व्हीडीआरएल, म्हणजे गरमीची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह. तो दाराशी उभा, खुर्ची ओढून दिली तरी बसत नाही. हातात मोटरसायकलची किल्ली, ती बोटावर गरगर फिरवतोय. विचारतो तुला, पण बघतो तिच्याकडे. अशा वेळी मी एकच वाक्य म्हणायची, शांतपणे, दोघांकडे आळीपाळीने बघत: "कधी आलं, कुणाकडून आलं, हे सांगणारी तपासणी जगात नाही. कुणाला आहे हे सांगणारी आहे, ती आज तुमची करून घेऊ." आणि लगेच उठायचं, लॅबचा कागद भरायला लागायचं. त्या प्रश्नाभोवती खोलीत जेवढी शांतता राहील तेवढी ती त्या बाईच्या अंगावर येते. हाताला काम दिलं की माणूस किल्ली फिरवणं थांबवतो. रक्त काढून परत येईपर्यंत त्याचा प्रश्न बदललेला असतो. आता तो विचारतो, "बाळाला काही होईल का?" त्याचं उत्तर आपल्याकडे आहे.

तेही इथेच सांगून टाकते, कारण ही एक घाईची जागा आहे. गरमी असलेल्या गरोदर बाईला पेनिसिलिनचं इंजेक्शन वेळेवर मिळालं तर बाळ वाचतं. नाही मिळालं तर गर्भपात होतो, मूल मेलेलं जन्मतं, किंवा आजार घेऊन जन्मतं. बाळंतपणाच्या निदान तीस दिवस आधी उपचार झालेला असावा लागतो. पण बाईला सुई दिली आणि नवरा तसाच राहिला, तर सातव्या-आठव्या महिन्यात तिला पुन्हा लागण होऊ शकते. म्हणून इथे "पुढच्या वेळी घेऊन या" म्हणायचं नाही. त्याच आठवड्यात. पुरुष येत नाहीत असं सगळे म्हणतात. बाळाचं नाव काढलं की येतात, माझा अनुभव आहे. सुई चांगलीच दुखते, चोवीस लाख युनिटांचं औषध दोन्ही कुल्ल्यांवर वाटून देतात, आणि त्या रात्री ताप भरू शकतो. हे आधी सांगून ठेव, नाहीतर "सुईने ताप आला" म्हणून दुसरी सुई घ्यायला कोणी फिरकणार नाही.

आता माणसं किती आणि कोण, हे काढायचं कसं? "किती जणांशी संबंध आहेत?" असं विचारलंस तर "एकच, बायको" हे उत्तर ठरलेलं. विचार काळाचा. पू जाण्याच्या आजाराला मागचे साठ दिवस धर. गरमीची जखम असेल तर तीन महिने आणि वर जखम असल्याचे दिवस. अंगावर पुरळ उठलं असेल तर सहा महिने. नुसतं रक्तात असेल आणि लागण नवी वाटत असेल तर वर्ष. त्या काळात कुणीच नसेल, तर त्याआधीची शेवटची व्यक्ती. पण आपल्या लोकांना तारखा आठवत नाहीत, सण आठवतात. "गणपतीला गावी गेलात तेव्हा?" "कारखाना सुरू झाल्यावर टोळीबरोबर होता तेव्हा?" "यात्रेत?" असं विचारलं की माणूस आपोआप मागे जातो. नाव मागू नकोस. तो "एक ओळखीची" म्हणाला की "बरं" म्हणायचं. एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकव, स्वतःच्या हाताने खुणेची अक्षरं लिहू दे, आणि कागद त्यालाच घरी नेऊ दे. आपल्याला यादी नको आहे, त्याला ती आठवायला हवी आहे.

आणि "बाई की पुरुष?" हे प्रत्येकाला विचार, कपाळाला आठी न घालता, गावातल्या मास्तरालासुद्धा. लग्न झालेले, दोन मुलांचे बाप, पुरुषांशीही संबंध ठेवतात, आणि कुणी विचारलं नाही म्हणून सांगत नाहीत. मग दुखणं नको त्या जागी असतं आणि तपासणी भलत्याच जागची होते. हल्लीच्या पोरांकडे त्या माणसाचा नंबरही नसतो, नुसतं ॲपवरचं टोपणनाव. तर त्या ॲपवरूनच निरोप जाऊ दे. "मला इन्फेक्शन निघालंय, तूही तपासून घे, सरकारी दवाखान्यात फुकट होतं." एवढा मजकूर पुरे. खातं पुसायच्या आधी पाठव म्हणावं. घाबरली की पोरं पहिलं ॲप काढून टाकतात.

घरच्या माणसाला सांगायची गोष्ट वेगळी. तिथे शब्द, वेळ, जागा, सगळं ठरवून द्यावं लागतं. रात्री नको. दारू घेतल्यावर तर नकोच. सासू ओट्याशी असताना नको, भांडण चालू असताना नको. भांडणात सांगितलेला आजार हत्यार होतो. व्हॉट्सॲपवर नको, कारण घरातल्या फोनवर पोरं गेम खेळत असतात. शेतावर जाताना, दवाखान्यात येताना, गाडीवरून उतरून चहा घेताना, असं चालता-बोलता सांगितलेलं जास्त पेलवतं. समोरासमोर बसवून "मला तुझ्याशी बोलायचंय" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या छातीत आधीच धडधड सुरू होते.

वाक्यं तीनच. "मला इन्फेक्शन झालंय." "त्याचं औषध दोघांनी एकदम घ्यायचं असतं, नाहीतर ते परत होतं." "उद्या सकाळी माझ्याबरोबर चल." पुढे कोणी काही विचारलंच तर "डॉक्टर सांगतील". हे त्याच्याकडून तुझ्यासमोर मोठ्याने म्हणवून घे. तू बायको हो, त्याला बोलू दे. पहिल्यांदा तो हसेल, दुसऱ्यांदा अडखळेल, तिसऱ्यांदा नीट म्हणेल. मनात म्हटलेलं वाक्य घरी गेल्यावर घशात अडकतं, तोंडाने एकदा म्हटलेलं बाहेर पडतं. आणि "इन्फेक्शन" हाच शब्द वापरू दे. "गुप्तरोग" म्हटलं की माणसाला एसटी स्टँडच्या मुतारीतली जाहिरात दिसते. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मध्ये हे विषय उघड मांडत होते आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेत होते. आपल्याला तर याच विषयावर बोलायचा पगार मिळतो, तेव्हा लाजायचं काम नाही. पण पेशंटला लाजायची मुभा आहे, त्याच्यावर आपली धिटाई लादू नये.

खोटं सांगू का, असं बरेच विचारतील. "उष्णता झाली म्हणतो, चालेल ना?" चालणार नाही, आणि ते नीतीपेक्षा व्यवहाराचं आहे. उष्णता म्हटलं की घरची बाई सब्जा भिजवते, ताक करते, धने-जिऱ्याचं पाणी देते, आणि गोळ्या फळीवर पडून राहतात. संडासातून लागलं म्हटलं तर ती संडास धुऊन काढते. खोटं नको, पण सगळं खरंही एका बैठकीत ओतायची सक्ती नाही. आजार सांगणं आणि आजवरच्या सगळ्या गोष्टींची कबुली देणं, ही दोन निराळी कामं आहेत. पहिलं या आठवड्यात झालं पाहिजे. दुसरं ज्याचं त्याने ठरवावं.

चिठ्ठीबद्दल. आजाराचं नाव चिठ्ठीवर लिहायचं नाही, पाठवणाऱ्याचंही नाही. डॉक्टरला कळेल एवढी खूण, दवाखान्याची वेळ, खोलीचा नंबर. बस. आणि वेळ लिहिताना विचार कर: रोजंदारीवरचा माणूस ओपीडीच्या वेळेला आला तर त्याचा दिवस बुडतो. बाजाराच्या दिवशी ये म्हटलं तर तो तसाही गावात असतो. चिठ्ठी घेऊन कुणी आलं की त्याचा वेगळा केसपेपर, वेगळी बैठक. "तुम्हाला कुणी पाठवलं ते मला ठाऊक आहे" असा भाव डोळ्यांतसुद्धा येऊ देऊ नकोस. नवरा विचारेल, "तिला नक्की काय झालंय?" उत्तर: "ते त्यांनाच विचारा. तुमचं मी सांगते." बायकोने विचारलं तरी हेच. दोघं हात धरून आले तरी आधी एकेकाला एकटं भेटायचं, मग दोघांना एकत्र.

गोळ्यांची एक गंमत सांगते, गंमत कसली, डोकेदुखी. माझ्या वेळच्या करड्या किटमध्ये दोनच गोळ्या असायच्या, एक ॲझिथ्रोमायसिन, एक सेफिक्झाइम. दोन्ही एकाच माणसाने एकदम घ्यायच्या. पण पाकिटात दोन गोळ्या आणि घरात माणसं दोन. तुम्ही "दोघांनी घ्यायचं" असं सांगितलेलं. मग काय, एक त्याने घेतली, एक तिला दिली, आणि प्रसाद वाटल्यासारखं दोघांना अर्धं औषध झालं. म्हणून पाकीट आपल्यासमोर फोडायचं, पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवायचा, गोळ्या गिळेपर्यंत बोलत राहायचं. घरच्या माणसासाठी किट हातात देऊन पाठवायचं का, हे डॉक्टर ठरवतील. ती बाई गरोदर असेल, तिला एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, हे न बघता दिलेलं पाकीट अंगाशी येऊ शकतं. डॉक्सिसायक्लिन गरोदर बाईला देत नाहीत. पण जी बाई कधीच येणार नाही, जिला घराबाहेर सोडत नाहीत, तिच्याबद्दल डॉक्टरांशी वाद घाल. सगळ्यांना एकच नियम लावला की सगळ्यात जास्त बंदिस्त बाईच औषधावाचून राहते.

औषध घेतल्यावर सात दिवस संबंध नाही, आणि हे सात दिवस दोघांपैकी जो शेवटी गोळी घेईल त्याच्यापासून मोजायचे. हे शेवटचं वाक्य सांगायला सगळे विसरतात. नवऱ्याने सोमवारी घेतली, बायकोने गुरुवारी, तर सात दिवस गुरुवारपासून. कंडोम दे, पण घरात लग्नाच्या बायकोबरोबर कंडोम वापरणं म्हणजे कबुलीच, असं पुरुषांना वाटतं, हेही लक्षात ठेव. "डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय" हे कारण आपल्या लोकांना कळतं. पथ्याला कुणी नाही म्हणत नाही.

आता जिथे सांगायचंच नाही, ती जागा. प्रत्येक बाईला एकटीला विचार, थेट: "घरी हात उचलतात का?" आडवळणाने विचारलं की आडवळणाचं उत्तर येतं. ती गप्प बसली, पदराचं टोक पिळायला लागली, तर तेच उत्तर समज. अशा बाईला "नवऱ्याला सांगा" म्हणून घरी पाठवणं हे पाप आहे, मग रजिस्टरात जोडीदाराचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल. मार्ग आहेत. नवऱ्याला दुसऱ्या कारणाने बोलावता येतं. रक्तदाब, साखर, गरोदर बाईच्या नवऱ्याची नेहमीची तपासणी, काहीही, आणि मग त्याच्या तपासणीवरून त्याच्याशी बोलता येतं, तिचं नाव मधे न आणता. १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर तिला पाठ करून दे, लिहून देऊ नकोस. संरक्षण अधिकारी कुठे बसतात ते तू स्वतः एकदा जाऊन बघून ये. आणि आशाताईंकरवी निरोप पाठवायचा मोह टाळ. आशाताई कामाच्या, प्रेमळ, सगळं खरं; पण त्या त्याच गल्लीतल्या असतात, आणि त्या दारात दोनदा दिसल्या तरी शेजारीण विचारते. पेशंट हो म्हणाला तरच.

एचआयव्हीच्या बाबतीत कायदा नीट माहीत असू दे, तिथे मनमानी चालत नाही. १९९८ च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाचा दाखला जुने लोक अजून देतात: लग्न ठरलेल्या मुलाचा रिपोर्ट रुग्णालयाकडून बाहेर कळला होता, आणि कोर्टाने रुग्णालयाला दोष दिला नाही. आता एचआयव्हीचा २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्यात संमतीवाचून कुणाचा रिपोर्ट उघड करायचा नाही हा नियम, आणि जोडीदाराला कळवायच्या पायऱ्या ठरलेल्या. जोडीदाराला खरोखर धोका आहे असं वाटलं पाहिजे, पेशंटला स्वतः सांगण्यासाठी समुपदेशन झालेलं पाहिजे, तो सांगणार नाही अशी खात्री झाली पाहिजे, आणि "मी आता सांगणार आहे" हे त्याला आधी कळवलं पाहिजे. मगच डॉक्टर किंवा समुपदेशक सांगू शकतात, तेही समोरासमोर, समुपदेशन करून. फोनवर नाही. जोडीदाराला शोधत फिरायची जबाबदारी कायद्याने आपल्यावर टाकलेली नाही. आणि ज्या बाईला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती आहे, तिच्या बाबतीत तर सांगायचंच नाही, हेही त्याच कलमात आहे. नववं कलम. कुणी वरिष्ठ दबाव आणायला लागला तर हे कलम त्याच्या पुढ्यात ठेव, आवाज न चढवता.

एचआयव्हीचं घरी सांगायची वेळ आलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट आधी कळलेली असली तर त्याची जीभ सुटते. गोळ्या रोज घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका खाली आला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. "मला आहे" यापुढे "आणि तुला होऊ नये म्हणून मी हे करतोय" हे वाक्य जोडता आलं की ऐकणाऱ्यालाही धरायला काहीतरी मिळतं. १०९७ ची हेल्पलाइन फुकट आहे. रात्री घरी सांगून झाल्यावर जे प्रश्न उठतात तेव्हा तू तिथे नसतेस, म्हणून हा नंबर दे.

धंद्यातल्या बायकांच्या गिऱ्हाइकांना कळवणं जमत नाही, त्याच्या मागे लागू नकोस. तिची स्वतःची तपासणी वेळच्या वेळी होते ना, तिचा घरचा माणूस, ज्याला ती मालक म्हणते, त्याने औषध घेतलं ना, एवढं बघ. गिऱ्हाइकाबरोबर कंडोम वापरणारी बाई मालकाबरोबर वापरत नाही. तिथेच परत परत लागण होते. ट्रकवाल्यांनाही रस्त्यावरचं कोणी आठवत नाही. त्यांच्या गावाकडच्या बायकोचं औषध तेवढं सुटू देऊ नकोस.

कबूल करून न येणारे पुष्कळ. आठ दिवसांची मुदत ठरवून घे, पेशंटशी बोलून: "शनिवारपर्यंत तुम्ही सांगता, नाहीतर मी फोन करू का?" बरेचजण तुलाच करू देतात, सुटल्यासारखं वाटतं त्यांना. फोन केलास तर आधी खात्री कर की त्याच माणसाशी बोलते आहेस. "दवाखान्यातून बोलतेय, तुमच्या तब्येतीचं काम आहे, एकटे आहात का?" दुसऱ्या कुणी उचलला तर "नंतर करते". दवाखान्याचं नाव सांगायचं, खात्याचं नाही. दोनदा फोन करून माणूस आला नाही, तर तिसऱ्यांदा करू नकोस. त्याऐवजी जो आलेला आहे त्याचीच पुन्हा तपासणी ठरव.

रजिस्टर कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली तुझ्याकडे. शिपाई चांगला असला तरी. नवरा-बायकोची नावं एकाखाली एक लिहू नकोस, मधे दोन पेशंट जाऊ देत.

आणि तालुक्याचं गाव आहे, बाजारात, लग्नात, एसटीत हीच माणसं भेटणार. आपण आधी ओळख दाखवायची नाही. त्यांनी हाक मारली तर "काय, कसं काय, पाऊस झाला का तुमच्याकडे" एवढंच बोलायचं. बरोबरचं माणूस विचारेल, या कोण. काय सांगायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे. कुणी तुला रेशन ऑफिसातली ठरवतील, कुणी शाळेतली बाई. मला एकाने विम्याची एजंट केलं होतं, आणि त्याच्या मेव्हण्याने तिथेच पॉलिसीची चौकशी सुरू केली.